कोणी, कोणीहि आणि प्रत्येक जण

परभाषा शिकणारास मोठ्या शब्दांची भीति वाटते, लहान शब्दांची वाटत नाहीं. मोठा शब्द अडला म्हणजे तो कोश उघडतो. परंतु 'एनी', 'ईच्', 'नन्' असा एखादा शब्द आला म्हणजे हा आपणांस येतोच असें समजून तो पुढें जातो, आणि चूक बहुधा तेथेंच होते. इंग्रजी व्याकरणांत ह्या शब्दांस अनिश्चित सर्वनामें म्हणतात. आजच्या लेखांत त्यांचा विचार करावयाचा आहे.

ह्या लहान शब्दांवर किती भार असतो हें पाहावयाचें असेल तर बँकेंत संयुक्त खातें उघडण्याचा छापील कागद हातीं घ्यावा. पति-पत्नींचें खातें असेल तर त्यावर बहुधा 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असें लिहिलेलें असतें; म्हणजे दोघांपैकीं कोणीहि एकानें सही करून पैसे काढावे, आणि एकाच्या पश्चात् शिल्लक दुसऱ्यास मिळावी. तिघे भाऊ खातेदार असतील तर तोच शब्द चालत नाहीं. तेथें 'एनीवन् ऑर सर्व्हायव्हर' असें येतें. 'जॉइंटली' असें लिहिलें तर सर्वांच्या सह्या लागतात. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिला खातेदार हयात असेपर्यंत व्यवहार त्यानेंच करावयाचा. घरांतील वडील माणूस रुग्णशय्येवर आहे, त्याच्यानें सही होत नाहीं, आणि औषधोपचारासाठीं पैसे तर आजच पाहिजेत, अशी वेळ आली म्हणजे 'आयदर' आणि 'जॉइंटली' ह्यांतील अंतर केवळ पुस्तकी राहत नाहीं.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस अनिश्चित सर्वनामाची कल्पना नवी नाहीं. 'किम्' ह्या प्रश्नार्थक सर्वनामाच्या रूपास 'चित्', 'चन' किंवा 'अपि' जोडलें कीं प्रश्न नाहींसा होतो आणि अनिश्चितता तेवढी उरते. कः म्हणजे कोण. कश्चित्, कश्चन, कोऽपि म्हणजे कोणी एक. मराठीनें हीच रीति चालविली. 'कोण' हा प्रश्न, आणि 'कोणी', 'कोणीतरी', 'कोणीहि' हीं त्याचीं प्रश्नरहित रूपें. म्हणूनच 'कोण' व 'काय' हीं जेव्हां प्रश्न विचारीत नसतात तेव्हां आपले वैयाकरण त्यांस सामान्य किंवा अनिश्चित सर्वनामें म्हणतात.

इंग्रजीची घडण निराळी आहे. 'वन्' म्हणजे एक, 'बडी' म्हणजे देह, 'थिंग' म्हणजे वस्तु. ह्या शब्दांच्या आधीं 'सम्', 'एनी', 'एव्हरी', 'नो' हे शब्द जोडून ती भाषा आपलें काम भागविते. खुद्द 'एनी' हा शब्द जुन्या इंग्रजींतील 'एक' ह्या अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे, आणि 'नन्' हा तर 'न' व 'एक' ह्या दोहोंच्या संधीनें झाला आहे. तात्पर्य, आपल्या भाषेंत ह्या सर्वनामांचें मूळ प्रश्नांत आहे, इंग्रजींत तें मोजणींत आहे. व्यक्ति कोण हें तेथें ठरलेलें नसतें; परंतु ती कशी मोजावयाची हें मात्र बोलणाराच्या मनांत आधीं ठरलेलें असावें लागतें. आपल्या मुलांच्या ह्या प्रकरणांतील बहुतेक चुका एवढा एक भेद ध्यानांत न आल्यामुळें होतात.

पहिली चूक वचनाची. मराठींत आपण 'सगळे आले' असें म्हणतों, क्रियापद अनेकवचनी. त्याचें भाषांतर करतांना मुलगा 'एव्हरिबडी हॅव कम' असें लिहितो. येथें 'एव्हरिबडी'चा अर्थ 'सगळे' असा न करतां 'प्रत्येक जण' असा केला म्हणजे चूक आपोआप टळते. 'प्रत्येक जण आला' असें आपण म्हणतों, 'प्रत्येक जण आले' असें म्हणत नाहीं. 'एव्हरी' हा शब्द 'एव्हर' म्हणजे सदा आणि 'ईच्' म्हणजे एकेक ह्यांच्या मिलाफानें झालेला आहे. तेव्हां त्याच्या पोटीं एकेकास निरनिराळें मोजणें आहेच. पाणिनीनें आठव्या अध्यायाच्या आरंभीं द्विरुक्तीचा विचार करतांना ह्याच भावनेस वीप्सा हें नांव दिलें आहे. एका समूहांतील एकहि व्यक्ति न वगळतां, परंतु एकेकीस स्वतंत्रपणें घेऊन, क्रियेचा किंवा गुणाचा संबंध सांगणें ही वीप्सा. संस्कृत व मराठी ती शब्द दुणावून दाखवितात: गृहे गृहे, घरोघरीं, एकेक. इंग्रजी ती 'ईच्' आणि 'एव्हरी' ह्यांनीं दाखविते.

ह्या दोहोंतहि एक फरक आहे. 'ईच्' दोघांस लागतो व अनेकांसहि लागतो. 'एव्हरी'ला मात्र तीन तरी पाहिजेत. शिवाय 'ईच्' एकटा उभा राहूं शकतो, 'एव्हरी'ला तें सामर्थ्य नाहीं. 'ईच् ऑफ द बॉइज हॅज अ बुक' हें शुद्ध; 'एव्हरी ऑफ द बॉइज' हें अशुद्ध, तेथें 'एव्हरी वन् ऑफ द बॉइज' असें म्हणावें लागतें. दोन्ही ठिकाणीं 'बॉइज' हें अनेकवचन पाहून क्रियापदाचा मोह पडतो. परंतु कर्ता 'बॉइज' नव्हे, कर्ता 'ईच्' किंवा 'वन्' आहे.

ह्याच्या उलट बाजूची चूकहि सुशिक्षितांच्या पत्रांत वारंवार आढळते. 'माझा एक मित्र' ह्याचें भाषांतर 'वन् ऑफ माय फ्रेंड' असें केलें जातें. मराठींत मित्र एक, म्हणून शब्द एकवचनी. इंग्रजी म्हणते, पुष्कळ मित्र आहेत, त्यांतून एक काढला. म्हणून आधीं समूह सांगा, 'वन् ऑफ माय फ्रेंड्ज', आणि मग क्रियापद त्या एकाचें ठेवा. समूह अनेक, निवड एक. दोन्ही मोजण्या एका वाक्यांत कराव्या लागतात.

'नन्'विषयीं मात्र शिक्षकांनीं फार कडकपणा करूं नये. त्याची व्युत्पत्ति 'न एक' अशी असल्यामुळें त्याचें क्रियापद एकवचनीच असलें पाहिजे असें कित्येक शालेय पुस्तकांत शिकविलें जात असे. परंतु चांगल्या इंग्रजी लेखकांनीं तो शतकानुशतकें दोन्ही वचनीं वापरला आहे. दूध, पाणी ह्यांसारख्या न मोजतां येणाऱ्या पदार्थांसंबंधीं एकवचनच येतें. मनुष्यांसंबंधीं 'नन् ऑफ देम इज' व 'नन् ऑफ देम आर' हीं दोन्ही चालतात. व्युत्पत्ति शब्दाचें कुळ सांगते. आजचें त्याचें वर्तन प्रयोगावरून ठरतें.

दुसरी चूक नकाराची, आणि ती मराठी भाषिकांची खास म्हणण्यास हरकत नाहीं. 'कोणीहि आलें नाहीं' ह्याचें भाषांतर 'एनीबडी डिड नॉट कम' असें होतें. शब्दास शब्द ठेवला, तरी वाक्य मोडलें. ह्याचें कारण काय? मराठींत नकार वाक्याच्या शेवटीं बसतो, आणि तेथून मागें पाहून 'कोणीहि' ह्या शब्दावर अंमल चालवितो. ऐकणारा शेवटपर्यंत थांबण्यास सरावलेला असतो. इंग्रजींत नकाराचा अंमल पुढें चालतो, मागें चालत नाहीं. म्हणून 'एनी'वर नकार चालवावयाचा असेल तर तो त्याच्या आधीं आला पाहिजे. 'आय डिड नॉट सी एनीबडी' हें शुद्ध आहे, कारण 'नॉट' आधीं आणि 'एनीबडी' नंतर. परंतु तोच शब्द कर्ता होऊन वाक्याच्या आरंभीं आला म्हणजे त्याच्या आधीं नकारास जागाच उरत नाहीं. मग नकार त्याच्या पोटांत घालून 'नोबडी केम' असें म्हणावें लागतें. नियम एका ओळीचा आहे: 'एनी'नें आरंभ केला तर पुढें 'नॉट' लिहूं नये.

आतां ह्याहून नाजूक जागा. 'ऑल् द स्टुडंट्स हॅव नॉट पेड द फीज' असें वाक्य एखाद्या शाळेच्या पत्रांत आलें, तर वाचणारानें काय समजावें? कोणीच फी भरली नाहीं, कीं कांहींनीं भरली व कांहींची राहिली? मराठींत 'सगळ्यांनीं फी भरलेली नाहीं' हें वाक्यहि असेंच दुटप्पी आहे. परंतु बोलतांना 'सगळ्यांनीं' ह्या शब्दावर जोर देऊन आपण अर्थ उघड करतों. कागदावर आवाज नसतो. ज्यानें पहिल्याच दिवशीं फी भरली त्याच्याहि घरीं तगाद्याचें पत्र जावयाचें, हा त्या एका वाक्याचा परिणाम. म्हणून लिहितांना ठरवावें: कांहींनीं भरली असेल तर 'नॉट ऑल् द स्टुडंट्स हॅव पेड', आणि एकानेंहि भरली नसेल तर 'नन् ऑफ द स्टुडंट्स हॅव पेड'. भावांच्या करारपत्रांत तर ह्याचें महत्त्व विशेष. 'ऑल् द ब्रदर्स शॅल नॉट सेल द हाऊस' ह्यानें एकट्या भावास घर विकण्याची मनाई झाली, कीं सर्वांनीं मिळून विकण्याची, हा वाद पुढील पिढीस वारशानें मिळतो. 'नन् ऑफ द ब्रदर्स' असें लिहिलें, आणि संमति पाहिजे असल्यास 'विदाउट द कन्सेंट ऑफ ऑल् द अदर्स' असें जोडलें, म्हणजे तो वाद उत्पन्नच होत नाहीं.

तिसरी गोष्ट दोन आणि अनेक ह्यांच्या भेदाची. बँकेच्या कागदावर दोघांस 'आयदर' आणि तिघांस 'एनीवन्' कां, ह्याचें उत्तर येथें आहे. संस्कृतांत दोघांपैकीं कोण असें विचारावयाचें असेल तर 'कतरः', आणि अनेकांपैकीं कोण असें विचारावयाचें असेल तर 'कतमः'. तसेंच दोघांपैकीं एक तो अन्यतर, पुष्कळांपैकीं एक तो अन्यतम. हा 'तर' इंग्रजींत लपून राहिला आहे. 'व्हेदर' ह्या शब्दाचा जुना अर्थ 'दोहोंपैकीं कोणता' असाच होता, आणि भाषाशास्त्रज्ञ तो आपल्या 'कतर' शब्दाचा सगोत्र मानतात. 'आयदर' ह्या शब्दाच्या पोटांत तोच 'व्हेदर' आहे. म्हणून 'आयदर' व 'नायदर' हे दोघांपुरतेच. तीन झाले कीं 'एनी' व 'नन्'. 'दोघेहि आले नाहींत' ह्याचें भाषांतर 'बोथ् डिड नॉट केम' असें करणारा मुलगा दोन चुका करतो. 'डिड'पुढें 'केम' ही चूक तर शिक्षक दाखवितोच; परंतु 'बोथ्'च्या ठिकाणीं 'नायदर' पाहिजे ही दुसरी पुष्कळदां तशीच राहून जाते. शुद्ध वाक्य चार शब्दांचें: 'नायदर ऑफ देम केम' ह्याचें संक्षिप्त रूप 'नायदर केम' केलें तर दोनच शब्दांचें.

'सम्' आणि 'एनी' ह्यांविषयीं शाळेंत सांगतात कीं होकारांत 'सम्', नकारांत व प्रश्नांत 'एनी'. नियम बरा आहे, पण अपुरा आहे. प्रश्न विचारणारास होकाराची अपेक्षा असेल तर प्रश्नांतहि 'सम्' येतो. पाहुण्यास 'वुइल यू हॅव सम् टी' असें विचारणें हें आग्रहाचें. 'एनी टी' असें विचारल्यास यजमानाच्या मनांत पाहुणा नको म्हणेल तर बरें असें आहे कीं काय, असा संशय येतो. आणि होकारार्थी वाक्यांत 'एनी' आला तर त्याचा अर्थ 'वाटेल तो' असा होतो: 'एनी चाइल्ड कॅन डू धिस', कोणतेंहि मूल हें करूं शकेल. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' हीहि अशीच जोडी. शिफारसपत्रांत 'ही हॅज मेड फ्यू मिस्टेक्स' असें लिहिलें तर ती स्तुति, कारण चुका जवळजवळ नाहींतच. मध्यें एक 'अ' पडला तर ती तक्रार, कारण कांहीं चुका आहेत. एका अक्षरानें उमेदवाराची नोकरी जाऊं शकते.

आतां शेवटची गोष्ट, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची. 'प्रत्येकानें आपलें पुस्तक उघडावें' ह्याचें भाषांतर कसें करावें? मराठीचा 'आपला' हा शब्द फार सोयीचा. तो पुरुषास व स्त्रीस सारखाच लागतो. इंग्रजींत 'एव्हरिबडी शुड ओपन' येथपर्यंत ठीक. पुढें 'हिज बुक', 'हर बुक', कीं 'देअर बुक'? अठराव्या शतकांतील इंग्रज व्याकरणकारांनीं पुल्लिंगाच्या बाजूनें कौल दिला; पुल्लिंगी शब्दांत स्त्रीहि येते असें सांगणाऱ्यांत अ‍ॅन फिशर ही न्यूकॅसल येथील शिक्षिकाहि होती. पुढें 1850 सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायद्यांच्या भाषेपुरता हाच नियम केला, आणि आपल्याकडे 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टाच्या 13 व्या कलमांत तोच आला: संदर्भास बाध येत नसेल तर पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाहि समावेश समजावा.

नियम झाला, परंतु वेळ आली तेव्हां तो स्त्रियांच्या उपयोगीं पडला काय? 1916 सालीं कलकत्ता येथें रेजिना गुहा ह्या कायद्याची पदवी घेतलेल्या बाईंनीं वकिलीची सनद मागितली. हायकोर्टानें वकिलीच्या कायद्यांतील शब्दांत स्त्रिया येत नाहींत असा निर्णय दिला. नाशिक येथें 1866 सालीं जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 सालींच ऑक्सफर्ड येथें कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या; तरी स्त्रियांस वकिली करण्याचा निःसंदिग्ध अधिकार 1923 च्या स्वतंत्र कायद्यानेंच मिळाला. म्हणजे 'कोणीहि' ह्या शब्दांत आपण आहोंत कीं नाहीं हें ठरविण्यास निम्म्या समाजास निराळा कायदा व्हावा लागला. मोजणी आधीं मनांत होते आणि मग शब्दांत उतरते, ह्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

'एव्हरिबडी ... देअर' हा प्रयोग अलीकडचा अनाचार आहे अशी समजूत पुष्कळांची असते. ती बरोबर नाहीं. व्यक्ति एक असतां 'दे' वापरण्याचीं उदाहरणें चौदाव्या शतकापासून सांपडतात, आणि जेन ऑस्टेनसारख्या लेखिकेनें तो प्रयोग निःसंकोच केला आहे. 2019 सालीं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननें आपल्या लेखनपद्धतीच्या सातव्या आवृत्तींत त्यास मान्यता दिली. तथापि ज्या परीक्षकास तो खपत नाहीं त्याच्यासाठीं मुलांनीं एक निर्वेध वाट ध्यानांत ठेवावी: कर्ताच अनेकवचनी करावा. 'ऑल् द प्यूपिल्स शुड ओपन देअर बुक्स' ह्या वाक्यास जुना पंडितहि दोष देणार नाहीं आणि नवी विद्यार्थिनीहि देणार नाहीं.

मराठीनें ह्या अडचणींतून काढलेली वाटहि पाहण्यासारखी आहे. दारावर थाप पडली आणि कोण आहे हें कळलें नाहीं, तर आपण 'कोणीतरी आलें आहे' असें म्हणतों. 'आला' नाहीं आणि 'आली'हि नाहीं. संस्कृत वैयाकरणहि विशेष विवक्षा नसेल तेथें नपुंसकलिंग घेतात. परंतु त्याच घरांत सूचना देतांना 'प्रत्येकानें जेवावयास यावें' असें म्हटलें जातें, आणि त्या 'प्रत्येकानें'मध्यें स्वयंपाकघरांतील मंडळी धरलेली आहे कीं नाहीं हें पानें मांडली जाईपर्यंत कळत नाहीं. हा दोष व्याकरणाचा नव्हे. परंतु व्याकरण शिकणाऱ्या मुलानें तो ओळखिला तर शिकण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.

मुलांनीं अनिश्चित सर्वनाम लिहिण्यापूर्वीं मनास तीन प्रश्न विचारावे. मी एकेकास मोजीत आहें, कीं सर्वांस एकत्र? समूह दोघांचा आहे, कीं अधिकांचा? नकार कोणावर आहे: सर्वांवर, कीं कांहींवर? तिहींचीं उत्तरें मराठींत मिळालीं म्हणजे इंग्रजी शब्द बहुधा आपणच सुचतो.

सरावासाठीं पांच वाक्यें देत आहों. घरांतील मुलामुलींनीं त्यांचें इंग्रजी करावें, आणि वडील मंडळींनीं आधीं स्वतः करून मग त्यांचें तपासावें.

1. सभेस एकहि सभासद वेळेवर आला नाहीं.
2. सगळ्या मुलांनीं धडा वाचलेला नाहीं. (दोन अर्थ, दोन भाषांतरें.)
3. माझ्या दोन्ही भावांस पोहतां येत नाहीं.
4. तिच्या एका मैत्रिणीनें हें पत्र लिहिलें आहे.
5. प्रत्येकानें आपआपला डबा आणावा. कोणीहि दुसऱ्याचा डबा उघडूं नये.

उत्तरें पुढील अंकीं.